भावजींना न सांगितलेले दोन शब्द

आमच्या धाकट्या भावजींना चांगलं बोलायचं म्हणजे पथ्य मोडल्यासारखं वाटायचं. सकाळी चहा पुढं ठेवला की कपात डोकावून विचारायचे, "वैनी, ह्यात चहाची पावडर टाकलीया का नुसती दाखवली?" दूधवाला, पोस्टमन, सख्खा भाऊ, कुणीच त्यांच्या तडाख्यातून सुटलं नाही. भोरच्या आमच्या आळीनं त्यांचं नाव विंचू ठेवलं होतं. माझे मालक म्हणायचे, "असू दे गं, मनानं चांगलाय." मन कुणी बघितलंय हो! मला रोज ऐकू यायची ती जीभ. मला ते आवडत नव्हते, हे आधीच सांगून टाकते.

कारखान्यातली नोकरी गेली तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. एकटा जीव, घरी बसणार तरी किती? कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं शिक्षण घेतलं आणि एक दिवस एसटीच्या टपावरून जुना राऊटर, तारा जोडायचा एक स्विच आणि दोन जुनाट कॉम्प्युटर घेऊन आले. माझ्या माजघरातली फळी गेली, तिथं त्यांचं टेबल आलं. पुण्याच्या एका कंपनीत हातानं करून दाखवायची परीक्षा होती. "हितं लागलो तर लागलो. पुढं ह्या वयाला कोण इचारतंय," असं एकदाच, ताटात बघत म्हणाले होते.

काम काय होतं, ते मला कळलं तसं सांगते. दोन कॉम्प्युटरांना राऊटरमधून एकमेकांशी बोलतं करायचं. दोघांची गावं वेगळी, पण राऊटरकडं जाणारी तार एकच. म्हणजे एकाच एसटीत मार्गासनीची माणसं बसलीत आणि वेल्ह्याचीही. ज्याच्या त्याच्या तिकिटावर गाव लिहिलेलं. त्यासाठी राऊटरच्या, तार खोचायच्या एका तोंडाचे दोन भाग मानायचे, त्यांना भावजी सबइंटरफेस म्हणायचे. दिसायला तोंड एकच.

राऊटरला काही शिकवलं तर ते जपून ठेव असंही सांगावं लागतं, नाहीतर वीज गेली की पाटी कोरी. इथं भावजींचा हट्ट आडवा यायचा. "चालल्यावर सेव्ह करीन. चुकीचं कायम करून ठिवायचं व्हय?" आणि भोरचं लोडशेडिंग! धरण उशाशी आणि घरात बत्ती गुल. रोज दुपारी सगळं पुसलं जायचं. वीज आली की भावजी पुन्हा पहिल्यापासून बडवायला बसायचे. तोंडानं राऊटरचा, वीजवाल्यांचा आणि आमचा उद्धार.

माझी शाळा चौथीत सुटली. इंग्रजी अक्षरं मी औषधांच्या पाकिटांवरून आणि साबणाच्या कागदांवरून शिकले, एकटीनं, चुलीपुढं बसून. तांदूळ निवडताना भावजींच्या पडद्यावरचं दिसेल तसं मी वहीत उतरवायला लागले, हाताला वळण म्हणून. ते त्यांनी पाहिलं. "वा! वैनी राऊटर शिकत्यात. उद्या शेळ्यास्नी पिंग करतील." पिंग म्हणजे यंत्राला हाक मारून उत्तर येतं का बघायचं. मी म्हटलं, "शेळ्या तरी उत्तर देतील, भावजी. तुमचं यंत्र देतंय का?" त्या दिवशी ते जेवले नाहीत.

खरं तर पहिल्या दिवशी यंत्रानं अर्धं उत्तर दिलं होतं. एक कॉम्प्युटर बोलला, दुसरा गप्प. दुसऱ्याचा पत्ता चुकला होता. तो सुधारेपर्यंत वीज गेली. त्यानंतर मात्र दोन्ही मुके. दहा दिवस झाले, परीक्षा आठवड्यावर आली.

एका मंगळवारी मी वहीची पानं शेजारी शेजारी धरून बघितली. पहिल्या दिवसाच्या पानावर, अगदी वर, मूळ तोंडाच्या नावाखाली दोन शब्द होते: नो शटडाऊन, म्हणजे बंद राहू नको. पुढच्या एकाही पानावर त्या जागी ते नव्हते, फक्त खालच्या दोन भागांपाशी होते. पहिल्या दिवशी भावजींनी पुस्तकात बघून लिहिलं होतं. नंतर "पाठ झालं" म्हणून पुस्तक मिटलं. वीज गेली की मूळ तोंड बंद व्हायचं आणि भावजी आतल्या दोन दारांवर धडका मारत बसायचे. एसटी स्टँडातून हललीच नव्हती.

वही घेऊन मी बाहेर आले, तर ओटीवर माझ्या बहिणीच्या सासरची माणसं चहाला बसलेली. माझ्या हातात वही बघून भावजी त्यांना हसत म्हणाले, "आमच्या वैनी लई शिकल्यात बरं का. सही आमच्या दादानं शिकवली, न्हाईतर अंगठाच होता."

मी वही मिटली आणि पोह्यांची बशी पुढं केली.

आठ दिवस मी गप्प राहिले. ते घाम पुसत बडवत होते, मी बघत होते. परीक्षेच्या सकाळी त्यांच्या हातावर दही-साखर घातली, तरी बोलले नाही.

संध्याकाळच्या एसटीनं परत आले ते पायरीवरच बसले. चपला काढल्या नाहीत. "हेच दिलं हुतं, वैनी. समदं बरोबर लिवलं म्या. एकबी उत्तर आलं न्हाई. येळ संपला." आवाजात विंचू नव्हता. मी आत जाऊन वही आणली, दोन पानं उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि बोट ठेवलं.

त्यांनी दोन्ही पानं ओळीनं ताडून बघितली. मग विचारलं, "कधीपास्नं ठाव हुतं?"

खोटं बोलता आलं असतं. "मागल्या मंगळवारपास्नं," मी म्हणाले.

ते उठले, टेबलापाशी गेले, सगळं पुन्हा टाईप केलं, वर ते दोन शब्द घातले. दोन्ही कॉम्प्युटरांची उत्तरं भराभरा पडद्यावर यायला लागली. मी शिव्यांची वाट बघत दारात उभी. त्यांनी बटणं बंद केली आणि म्हणाले, "बरोबर हाय तुमचं."

दिवाळीआधीच ते सामान घेऊन पुण्याला गेले. कुठल्याशा दुकानात लागले, पुढं बरं चाललं म्हणतात. मी दोनदा निरोप पाठवला, चुकलं म्हणून. उत्तर आलं, "तसं काही नाही."

मागं गुंजवण्याला पुतणीच्या लग्नात मी पंगतीला बसले होते. भावजी वाढत होते. पलीकडच्या मावशींना म्हणाले, "जिलबी घ्या, न्हाईतर घरी जाऊन नावं ठिवाल." शेजारच्या जावेला म्हणाले, "पदर सांभाळा, मठ्ठा पितोय तो." सगळी पंगत हसत होती. माझ्या पानापाशी आले, मठ्ठा वाढला, "सावकाश होऊ द्या," म्हणाले आणि पुढं गेले.