मामाला चुलता करा

सरोजिनीबाई भिवंडीच्या शाळेत हिंदी शिकवायच्या. माहेर तंजावरच्या मराठ्यांचं, त्यामुळे तमिळही घरचीच. म्हणूनच १९८८ साली त्यांचा मावसभाऊ माधव कामतघरला त्यांच्या घरी येऊन थडकला. तो मद्रासला सहायक दिग्दर्शक होता. एक गाजलेला हिंदी विनोदी चित्रपट तमिळमध्ये करायचा होता. "अक्का, संवाद तू लिही," म्हणाला.

आजूबाजूच्या लूमच्या खडखडाटात आवाज मोठा करून त्यांनी व्हिडिओ कॅसेट पाहिली. नायक आफ्रिकेहून आलेला लांबचा मामा बनून नायिकेच्या घरात शिरतो. मामा-भाची हातात हात घालून दिसले की घरच्यांना घेरी येते. सगळा विनोद तेवढ्यावर. बाईंचे यजमान श्रीनाथ पोट धरून हसले. बाईंच्या कपाळाला आठी.

"माधव, आपल्या थोरल्या मावशीचं लग्न कुणाशी झालंय?"

"तिच्या मामाशी."

"मग तिकडे घेरी कुणाला येणार? मामा म्हणजे हक्काचा नवरा! मामाला चुलता करा."

माधवला पटलं, मद्रासला पटलं नाही. नायक म्हणाला, चुलता म्हणजे बापासारखा, माझे चाहते काय म्हणतील? निर्माता म्हणाला, हिंदीत चाललंय त्याला हात लावायचा नाही, संवाद तेवढे खुसखुशीत करा. बाई फोनवर भांडून थकल्या. शेवटी तपासायचे पेपर बाजूला सारून त्या मेलेल्या विनोदात प्राण फुंकत बसल्या. लिहायच्या, वाचायच्या, फाडायच्या.

चित्रपट लागला आणि शेजारच्या केसरीनाथ पाटलांकडे माधवचा फोन आला.

"अक्का, मदुराईत पहिल्याच प्रसंगाला कुणीतरी ओरडलं, 'मामाच आहेस ना? मग बांध की तिच्या गळ्यात ताळी!' अख्ख्या चित्रपटात हशा तेवढाच. आठवड्यात उतरवला."

"आता तरी निर्मात्याला कळलं का?"

माधव घुटमळला. "तो म्हणतो, लिहिणारी बाई मराठी. तिला आमचा विनोद काय कळणार!"

"त्याला सांग..." बाईंचा आवाज चढला. त्यांनी फोन आदळला.

"काय झाला बाई? कोन गेला काय?" पाटलांनी घाबरून विचारलं.

"कुणी नाही," म्हणत बाई घरी आल्या.

पुढे माधवने आणखी दोनदा संवाद लिहिशील का म्हणून विचारलं. बाईंनी दोन्ही वेळा वेळ नसल्याचं सांगितलं. फक्त वर्गात व्याकरण शिकवता शिकवता मध्येच त्या खिडकीकडे तोंड करून निर्मात्याला सुनवायचं राहिलेलं काहीतरी तिखट तमिळमध्ये पुटपुटायच्या. मुलांना वाटे, बाई श्लोक म्हणतायत.