मागच्या गादीचं वजन

सेनगावात जुन्या गाडीजवळ उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला: अ‍ॅव्हरेज काय देते? माणसाची चौकशी मागाहून. माझी बायको यावर हसायची. तिच्या डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा आम्ही हिंगोलीला जायचो. गाडी मोठी, जुनी, डिझेलवरची. मागची सीट पाडून तिच्यासाठी जाड गादी अंथरलेली. दवाखान्यातून निघताना मी विचारायचो, "कसं वाटतंय?" ती आडवी होत म्हणायची, "आज न्हाई देऊन राहिले मी अ‍ॅव्हरेज."

तिला जाऊन तीन महिने झाले. मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही. जेवतो, झोपतो, पेपर वाचतो. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "पप्पा, एकट्यासाठी एवढं धूड काहून ठेवता? नाकापेक्षा मोती जड. विकून टाका."

मला गाडी द्यायची नव्हती. तिचे शेवटचे दिवस त्या गाडीत गेले होते. पण असं मुलाला सांगायची लाज वाटली, म्हणून मास्तरकी केली. म्हटलं, "नऊ देते. बारा दिलं तर ठेवीन, नाही तर विकीन." शाळेत तीस वर्षं सरासरी शिकवली, ती अशी अंगाशी आली.

गाडी मिस्त्रीचाचांकडे नेली. त्यांनी एअर फिल्टर बदलला, धरून बसणारा ब्रेक मोकळा केला, टायरमध्ये हवा भरली, टपावरचं रिकामं कॅरियर उतरवलं. मग मागे डोकावून म्हणाले, "गुर्जी, ही गादी बी काढा. फुकटचं वजन कशाला? आन् एसी बंद ठेवा. टाकी फुल्ल करून कनेरगाव नाक्याला जाऊन या, परत फुल्ल करा. बराबर कळंल." बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. मी गादी घरी आणून पलंगाखाली सारली.

दुसऱ्या दिवशी काचा खाली करून निघालो. एसीशिवाय तिचा जीव घाबरा व्हायचा, त्यामुळे ही गाडी मी कधी अशी चालवलीच नव्हती. खड्डे आले, गेले. मागून कुणी "हळू हाणा की" म्हणालं नाही. परत येऊन टाकी भरली, हिशेब केला. बाराच्या थोडं वरच.

मुलाला फोन केला. तो खूश झाला. "अरे वा! पण एवढं वाढलं कशानं?"

"वजन कमी झालं," मी म्हणालो.

पैज जिंकलो होतो, आनंद मात्र झाला नाही. पलंगाखालची गादी ओढून काढली, गाडीत पूर्वीसारखी अंथरली, तिची उशी डोक्याच्या बाजूला ठेवली. एसी लावला आणि हिंगोलीच्या रस्त्याला लागलो. प्रत्येक खड्ड्याआधी ब्रेक दाबत होतो, मागे गचका बसू नये म्हणून.