शाब्बासबंदी

लिफ्टवाल्यांना पळायला लावलं ते त्यांच्या बायकोने, आणि तेही घर वाचवण्यासाठी. छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस निवृत्त झाल्यावर दिवसभर घरात काय करेल, याची त्या बिचारीला कल्पना नव्हती. पहिल्या आठवड्यात त्यांनी फ्रिजचं दार काढून पुन्हा बसवलं. दुसऱ्या आठवड्यात मिक्सर उघडला. तिसऱ्या आठवड्यात ते शिवणयंत्राभोवती घुटमळायला लागले, तेव्हा बाईंनी यंत्रावर चादर टाकली आणि म्हणाल्या, "अहो, रोज सकाळी तासभर कुठेतरी जात जा. कुठेही जा, पण जा."

लिफ्टवाले बागेत गेले. तिथे चालणाऱ्यांचा घोळका होता, पण चालणारे लोक गुडघ्यांबद्दल आणि सुनांबद्दल फार बोलतात. लिफ्टवाल्यांना दोन्हींत रस नव्हता. त्यांच्याकडे सून नव्हती आणि गुडघे उत्तम होते. लोकांना वाटतं, लिफ्टचा माणूस जन्मभर लिफ्टमधून फिरला असणार. अहो, लिफ्ट चालू असताना त्याला कोण बोलावतं? बंद पडली की फोन येणार, आणि मोटरची खोली असणार नेमकी गच्चीवर. हातात हत्यारांची पेटी घेऊन आठ-आठ, नऊ-नऊ मजले चढून जायचे. अशा पायांना निवृत्तीची बातमी कुणी कळवलीच नव्हती. म्हणून बागेच्या फाटकातून तीन म्हातारी माणसं पळत बाहेर पडताना दिसली, तेव्हा लिफ्टवाल्यांचे पाय मालकाला न विचारता त्यांच्या मागे निघाले.

त्या तिघांत पुढे होत्या पोस्टबाई. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसून त्यांनी असा आवाज कमावला होता, की रांगेतल्या शेवटच्या माणसाला आपला फॉर्म चुकलाय हे फुकटात कळायचं. मधे हेडसर. शाळा सुटून सात वर्षं झाली तरी पळताना त्यांचे हात पाठीमागेच जायचे, मग आठवण झाली की पुढे यायचे. शेवटी बेकरीवाले, वयाने सगळ्यांत लहान, म्हणजे एकोणसाठ. भट्टीचं काम उरकून थेट येत असल्यामुळे त्यांच्या कानाच्या पाळ्यांना कायम पीठ असायचं.

पहिल्या फेरीनंतर लिफ्टवाले धापा टाकत हेडसरांना म्हणाले, "वा! या वयात काय छान पळता हो तुम्ही!"

तिघंही जागच्या जागी थांबले. पोस्टबाईंनी बोट वर केलं. "हे चालणार नाही. आपल्यात शाब्बासबंदी आहे."

मग बंदीचा इतिहास ऐकवण्यात आला. गटाच्या सुरुवातीच्या दिवसांत हेडसरांनी सवयीने बेकरीवाल्यांच्या पाठीवर थाप मारून "शाब्बास! वर्गात पहिला!" असं म्हटलं होतं. बेकरीवाल्यांनी उभ्या शालेय जन्मात हा शब्द स्वतःबद्दल ऐकला नव्हता. त्यांच्या अंगात असं काही संचारलं, की ते तीन फेऱ्या जादा पळाले. पोटरी धरली, चार दिवस माणूस खाटेवर. भट्टीपाशी मेव्हणा उभा राहिला आणि सगळ्या आळीने विटेसारखा पाव खाल्ला. तेव्हापासून पोस्टबाईंचा हुकूम होता, की कुणी कुणाचं कौतुक करायचं नाही. मनात कौतुक दाटूनच आलं तर समोरच्याला टोमणा मारायचा, आणि तोही त्याच्या धंद्यावरून.

हा नियम लिफ्टवाल्यांना इतका आवडला, की ते त्या दिवशी घरी शीळ घालत गेले. पुढची चार वर्षं त्यांनी तो मनोभावे पाळला. पोस्टबाई मागे पडल्या की ते ओरडायचे, "बाई, तुमच्याआधी साधं टपाल पोहोचेल!" हेडसर चढावर रेंगाळले की पोस्टबाई म्हणायच्या, "सर, घंटा होऊन गेली, शिपाई कुलूप लावतोय!" बेकरीवाल्यांना तर काय, "फुगलात तेवढे पुरे, आता भाजून निघा" हे रोजचंच. टोमणा बसला की पायांत बळ यायचं. गंमत म्हणजे कोण कुणाला कधी टोमणा मारतो यावर नीट नजर ठेवली तर कळायचं, की तो नेमका ज्याला गरज असेल त्यालाच मिळतो. जो मजेत पळतोय त्याच्या वाट्याला कुणी जात नसे.

लिफ्टवाल्यांच्या वाट्याला मजल्यांचे टोमणे यायचे. "आज तळमजल्यावरच का?" "ओव्हरलोड झालंय, एक जण उतरा!" त्यांना त्याची चटक लागली होती. नोकरीत छत्तीस वर्षं लोकांनी त्यांना फक्त "किती वेळ लागेल?" एवढंच विचारलं होतं. इथे पहिल्यांदाच त्यांच्या कामाकडे कुणी इतकं बारीक लक्ष देत होतं, मग ते चेष्टेसाठी का असेना.

गेल्या वर्षी एका सकाळी पाण्याच्या टाकीच्या चढावर लिफ्टवाले मागे पडले. पोस्टबाई वीस पावलं पुढे होत्या. त्यांनी वळून आपल्या खिडकीच्या आवाजात विचारलं, "काय हो, दोन मजल्यांच्या मधे अडकलात काय?"

आणि लिफ्टवाले खाली बसले, मग आडवे झाले.

पुढचं बेकरीच्या टेम्पोने आणि डॉक्टरांनी निभावलं. हृदयाच्या नळ्यांत जाळीचे दोन बारीक तुकडे बसवले. शुद्धीवर आल्यावर लिफ्टवाल्यांनी पहिला प्रश्न विचारला, की या जाळीची वजन पेलायची क्षमता किती आणि तपासणी दर किती महिन्यांनी करायची. डॉक्टर हसले. तीन महिने आराम आणि घरातल्या घरात चालणं, मग हळूहळू पळायलाही हरकत नाही, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. तो कागद लिफ्टवाल्यांनी कपाटाच्या दारावर आतून चिकटवला आणि तीन महिने रोज वाचला.

ठरल्या दिवशी ते बागेत आले, तेव्हा त्यांना काय काय ऐकायला मिळणार याची यादी त्यांनी आदल्या दिवशीच करून ठेवली होती. "जुना माल नव्या तारेवर" हे बेकरीवाले म्हणणार. "इतकी गैरहजेरी? पालकांची चिठ्ठी आणा" हे हेडसर. पोस्टबाईंचं मात्र सांगता येत नव्हतं, आणि त्यांचंच ऐकायला कान आतुर झाले होते.

पोस्टबाई पुढे आल्या, हळू आवाजात म्हणाल्या, "आलात? शाब्बास."

आपल्याला डॉक्टरांनी काही सांगितलं नाही, पण यांना सांगितलंय की काय, असं लिफ्टवाल्यांना क्षणभर खरंच वाटलं.

त्या दिवसापासून सगळं बिघडलं. पळताना हेडसर उजवीकडे, बेकरीवाले डावीकडे, पोस्टबाई मागे. काठोकाठ भरलेलं भांडं नेतात तसे तिघं त्यांना नेऊ लागले. बेकरीवाल्यांनी घडीचं स्टूल आणलं होतं आणि ते काखेत धरून पळत होते. हेडसर दर कोपऱ्यावर थांबून एखाद्या झाडाकडे बोट दाखवायचे. त्यांना पिंपळ आणि वड यातला फरक कळत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण लिफ्टवाल्यांना दम खायला मिळावा म्हणून ते वनस्पतिशास्त्र शिकवायला तयार झाले होते. आणि शाब्बास! चढ चढलात, शाब्बास. उतरलात, शाब्बास. बुटाची नाडी बांधलीत, वा, शाब्बास!

पंधरा दिवसांनी लिफ्टवाल्यांनी घरी बूट काढले आणि ते कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवायला निघाले.

बायकोने विचारलं, "हे काय आता?"

"रविवारी शेवटचं जाणार. मग बंद. गुडघा दुखतो म्हणून सांगेन."

"तुमचा गुडघा दुखत नाही."

"त्यांना कुठे माहितीये?"

बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "छातीत काही होतंय का?"

"छाती ठणठणीत आहे गं. पण मी तिथे पळायला जात होतो, आता मला फिरवून आणतात. कुणी एक वाकडा शब्द बोलत नाही. माणूस एकदा पेशंट झाला की जन्मभर पेशंटच का?" एवढं बोलून ते बुटातली वाळू झटकू लागले.

"मग सांगा की त्यांना, चेष्टा करा म्हणून."

"मागून घेतलेल्या टोमण्यात काय राम?"

बाईंनी त्यांच्या हातातले बूट घेतले आणि दाराशी आणून ठेवले, एवढंच केलं.

रविवारी चौघं टाकीच्या चढाला लागले. हेडसर आणि बेकरीवाले थोडे पुढे होते, पण दर दहा पावलांवर मागे वळून बघत होते, त्यामुळे ते सरळ कमी आणि तिरके जास्त पळत होते. पोस्टबाई लिफ्टवाल्यांच्या मागे. लिफ्टवाल्यांचा कान यंत्रांवर घडलेला. मागून येणाऱ्या पावलांचा आवाज त्यांनी नीट ऐकला आणि त्यांच्या लक्षात आलं, की बाई आपल्या पावलावर पाऊल टाकतायत. आपण श्वास घेतला की त्या घेतात, आपण सोडला की सोडतात. इतकी वर्षं या बाई कुणाच्या तालावर चालल्या नव्हत्या. साहेब लोकांच्यासुद्धा नाही.

"शाब्बास," मागून आवाज आला. "सावकाश."

लिफ्टवाले थांबले आणि गर्रकन वळले. "बाई, एक सांगा. मी तुमचं काय बिघडवलंय?"

पोस्टबाईंनी आधी त्यांच्या छातीकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "दुखतंय का?"

"हो, दुखतंय! पण छातीत नाही. चार वर्षं मला नावं ठेवलीत, आता एकदम वाळीत टाकलंत. बंदी तुमचीच ना? मग मोडताय का?"

पोस्टबाईंनी मान खाली घातली. हा प्रकार इतका नवीन होता, की लिफ्टवालेच घाबरले. मग बाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "त्या दिवशी मी काय म्हणाले होते, आठवतं?"

"आठवतं की."

"मी ते बोलले आणि तुम्ही पडलात. माझ्या तोंडातून शब्द बाहेर पडला आणि तुम्ही..." त्यांनी नाक ओढलं. "तीन महिने मला तेच ऐकू येतंय. मी घरातसुद्धा कुणाला काही बोलत नाही आता. नातू म्हणतो, आजी आजारी आहे."

इतके दिवस लिफ्टवाले आपल्याच दुःखात गुरफटले होते आणि त्यांच्या मागे दोन पावलांवर हे चाललं होतं.

"बाई," ते म्हणाले, "मला खालच्या वळणापासूनच दुखत होतं. मी बोललो नाही, तो माझा मूर्खपणा. तुमचा आवाज पुढून येत होता, त्याच्या मागे तेवढा चढ चढलो. नाहीतर खालीच पडलो असतो, आणि तिथे काळं कुत्रं फिरकत नाही. आणि खरं सांगू? तुम्ही ते बोललात ना, त्याला मी आडवा झालो तेव्हाच उत्तर जुळवलं होतं. टेम्पोत पावांच्या ट्रेमधे झोपून ते घोकत होतो. तीन महिने ते तोंडात धरून बसलोय. तुम्ही बोलूच देत नाही."

"काय उत्तर?"

"अडकलो नव्हतो, बाई. वरच्या मजल्याचं बटण कुणीतरी दाबलं होतं. मी दारात पाय घालून उभा राहिलो."

पोस्टबाईंचं तोंड उघडंच राहिलं. पहिल्यांदा त्यांना हसू आलं की रडू, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. दोन्ही एकाच वेळी आलं आणि खोकला झाला. तो खोकला ऐकून पुढचे दोघं धडपडत मागे आले. हेडसरांनी फोन बाहेर काढलेला. बेकरीवाल्यांनी स्टूल उघडलं आणि घाबरून स्वतःच त्यावर बसले.

"उठा!" पोस्टबाई कडाडल्या. तीन महिन्यांत न वापरलेला तो आवाज टाकीवर आपटून परत आला. "पाव भाजायला ठेवलाय का इथे? आणि सर, तुम्ही कुणाला फोन करताय, शिक्षणाधिकाऱ्यांना?" मग त्या लिफ्टवाल्यांकडे वळल्या. डोळे अजून ओले होते. "आणि तुम्ही! दारात पाय घालून उभे राहिलात ते उभेच! एवढं मोठं पार्सल रस्त्यात ठेवून जायचं नसतं. मागे लोक खोळंबलेत."

मागे चिटपाखरू नव्हतं. पण बाई वळल्या आणि जुन्या चालीने चढ चढू लागल्या. हेडसर त्यांच्या मागोमाग गेले, स्टूल गुंडाळत बेकरीवाले गेले. लिफ्टवालेही निघाले, पण डॉक्टरांनी सांगितल्यासारखे, आपल्या बेताने. पहिल्या खांबापर्यंत तिघं दहा पावलं पुढे होते, दुसऱ्या खांबापर्यंत तीस. मग टाकीचं वळण आलं आणि एकेक करून तिघंही दिसेनासे झाले.

कुणीही मागे वळून पाहिलं नाही. रस्त्यावर एकटे, सगळ्यांत शेवटी, लिफ्टवाले इतके खूष होऊन पळत होते, की समोरून सायकलवर येणाऱ्या पेपरवाल्याने ब्रेक दाबून विचारलं, "काय आजोबा, पहिले आलात की काय?"