बाबांच्या बाहीवरची परकी रेघ

माणूस सकाळी कडक शर्ट घालून कामाला जातो आणि संध्याकाळी चुरगळून घरी येतो. आमचे बाबा मात्र एका मंगळवारी सकाळी गेले होते त्याहून कडक होऊन परत आले.

दुसऱ्या कुठल्या बायकोच्या हे ध्यानातही आलं नसतं. पण माझी आई इस्त्रीवाली. घराची रस्त्याकडची खोली म्हणजे तिचं दुकान: घोंगडी अंथरलेलं टेबल, पाण्याचं भांडं, जड इस्त्री आणि गठ्ठेच गठ्ठे. कपड्यांवरून तिला माणसं कळत. समोरच्या मास्तरांची नोकरी सुटली, ते त्यांच्या बायकोच्या आधी आईला कळलं, कारण त्यांच्या बाह्यांना खडू लागेनासा झाला. ती कुणाला बोलली नाही. कपड्यांतलं बाहेर सांगायचं नाही, हा तिचा नियम. संशय मात्र ती सगळ्यांचा घ्यायची, दूधवाल्यापासून हवामानखात्यापर्यंत, कुणात भेदभाव न करता.

बाबांनी शर्ट खुंटीला अडकवला आणि ते तोंड धुवायला गेले. आईनं बाही दिव्याखाली धरली.

"इकडे ये. ही रेघ बघ."

"मग? सकाळी तूच घातलीस ना?"

"माझी रेघ खांद्यापासून मनगटापर्यंत सरळ येते. ही कोपरापाशी वळलीय." तिनं बाही हुंगली. "आणि वासाचं स्टार्च. हे पुलापलीकडच्या लॉन्ड्रीत वापरतात. यांनी अंगातला शर्ट काढून तिथं कुणाकडून तरी करून घेतलाय."

'अंगातला शर्ट काढून' हे शब्द तिनं असे काही उच्चारले की मी दार लोटून घेतलं.

बाबा कान पुसत बाहेर आले. ते छापखान्यात मशिनवर होते. एरवी चुरगळून, कागदाची धूळ अंगावर घेऊन यायचे.

"आज मशिन बंद होतं का हो?" आईनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"छे! मान वर करायला फुरसत नव्हती," बाबा म्हणाले आणि आमच्याकडे न बघता पेपर उघडून बसले. तोही कालचा. माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली.

मग ते रोजचंच झालं. बाबा उशिरा येत, शर्ट कडक, आणि चेहऱ्यावर काहीतरी साधल्याचं समाधान. ते गेले की आई शर्ट टेबलावर पसरून तपास करायची.

"बाई तरुण आहे," एक दिवस तिनं निकाल दिला.

"शर्टावरून वय कळतं?"

"हातावरून कळतं. जोर भरपूर, अंदाज शून्य. कॉलरला घाई करते, बटणांच्या मधे जायचा कंटाळा करते. आपल्या वयाची बाई असं काम करणार नाही."

मावशीला बोलावणं गेलं. ती चप्पल काढता काढताच म्हणाली, "मला तर लग्नातच वाटलं होतं. फार गोड बोलत होता." बाबा लग्नात सगळ्यांदेखत फक्त 'पंखा जरा वाढवता का' एवढंच बोलले होते, असं आजी सांगायची. पण मावशीला एवढं पुरतं.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि बाबा माझे लाडके. त्यामुळे मला आईपेक्षा जास्त राग आला होता. ते जेवताना 'काय गं, अभ्यास कसा चाललाय?' म्हणाले की मी ताट उचलून आत जायचे. आई तर वाळत चालली होती. कामाचा तिला उरक राहिला नव्हता. चादरी घेणं तिनं बंदच केलं होतं. गिऱ्हाइकांना म्हणायची, जागा नाही. संशय माणसाला असा पोखरतो, असं मी मनाशी ठरवून टाकलं. एका दुपारी कुणाच्यातरी लहानग्याच्या फ्रॉकवर इस्त्री फिरवता फिरवता ती म्हणाली, "खरं निघालं तर मी मावशीकडे राहायला जाईन. दुकान बंद करीन. तुझं तू ठरव." आवाज अगदी साधा होता, म्हणूनच मला घाबरायला झालं.

दुसऱ्या दिवशी छापखाना सुटायच्या वेळी आम्ही दोघी समोरच्या फळांच्या गाडीमागे उभ्या राहिलो. बाबा बाहेर आले. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आईनं माझं मनगट आवळलं. निष्पाप माणूस रस्ता ओलांडायचा नसताना दोन्हीकडे बघत नाही. बाबा भराभर पूल ओलांडून सरळ लॉन्ड्रीत शिरले.

लॉन्ड्रीची काच धुरकट झाली होती. आईनं ती बाहेरून खसाखसा पुसली. वाफ आतून होती. शेवटी तिनं दारच ढकललं.

आत बाबा बनियनवर उभे होते. जीभ ओठावर, कपाळाला घाम, आणि स्वतःच्याच शर्टाच्या बाहीवर ते इस्त्री चालवत होते. शेजारी स्टुलावर आईपेक्षा वयानं आणि अंगानं बरीच मोठी अशी लॉन्ड्रीवाली शेंगदाणे खात बसली होती. "कोपरापाशी सावकाश रे बाबा, किती वेळा सांगू!"

बाबांनी वळून पाहिलं आणि ते जागीच थिजले. इतके दिवस आईनं मनात काय काय जुळवून ठेवलं असेल देव जाणे, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"अहो, इस्त्री उचला! जळतंय!"

बाही गेली होती. करपल्याचा वास सुटला. आईनं कोपरे न्याहाळले, पडद्यामागे डोकावून पाहिलं. "ती कुठाय?"

"कोण?" लॉन्ड्रीवाली म्हणाली.

"यांचे शर्ट करते ती. तरुण."

लॉन्ड्रीवालीला हसताना ठसकाच लागला. "हाच की तो तरुण! दुसऱ्याचे कपडे जाळायच्या आधी स्वतःचे जाळायचे, असा नियम आहे माझ्याकडे. म्हणून रोज अंगातला शर्ट."

आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तरी ती सहजासहजी सोडणाऱ्यांतली नव्हती. "हे कशाला शिकताय तुम्ही?"

"तुझा खांदा," बाबा म्हणाले.

"काय झालंय माझ्या खांद्याला?"

"हात वर जात नाही तुझा. केस बांधता येत नाहीत. मानेशी कसाबसा रबर अडकवतेस. विचारलं तर म्हणशील, काही नाही. इस्त्रीला तर तू कुणाला शिवू देत नाहीस. म्हटलं, आधी शिकावं, मग सांगावं. चादरी तरी मी करीन. दुकान चालू राहील."

मी आईच्या केसांकडे पाहिलं. खरंच की. एका घरात राहून, रोज समोर बसून जेवून, मला हे दिसलं नव्हतं.

लॉन्ड्रीवालीनं उठून स्टूल पुढे सरकवलं. आई त्यावर बसली आणि रडायला लागली. "फार दुखतं हो," ती म्हणाली. हे तिनं तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबा जळक्या बाहीचा शर्ट हातात धरून तिच्यासमोर उभे राहिले. मला त्या क्षणी दोघांवर इतकी माया आली की मी उगाचच हँगर मोजल्यासारखं केलं.

थोड्या वेळानं आईनं डोळे पुसले, मानेवरचा रबर ओढून काढला आणि बाबांपुढे धरला. "घ्या. बांधून द्या."

बाबांनी छापखान्यात कागदांचे गठ्ठे बांधतात तसे केस बांधले. डोक्याच्या मधोमध, वाकडे.

परतताना पुलावर आई म्हणाली, "निघताना ती बाई माझ्याकडे बघून एवढी हसत का होती?" तेवढ्यात एक बट सुटली, मग दुसरी, आणि सगळा बुचडा कानावर आला. लोक वळून पाहायला लागले. मी नीट करायला हात पुढे केला, तर आईनं तो बाजूला सारला.

"राहू दे," ती म्हणाली. "ह्यांनी बांधलेत."