बाबांच्या ओठांवर दादाचा आवाज

मालिकांमध्ये माझा मोठा भाऊ बहुतेक वेळा दारात उभा असतो. कधी हवालदार, कधी वकिलाचा कारकून, कधी मुलीकडचा काका. एखादं वाक्य वाट्याला येतं, मग कॅमेरा दुसऱ्याकडे वळतो. तरीही बोईसरच्या बाजारात लोक त्याला ओळखतात. मासळीवाली मावशी पापलेट निवडता निवडता विचारते, "तुमी त्या मालिकेतले ना? त्या सुनेला पकडून नेलंत ते?"

तो हो म्हणतो.

"सोडा की तिला. तिचा काय बी दोष नाय."

ज्या कामावर त्याचं घर चालतं ते काम मात्र फारसं कुणाला माहीत नाही. गेली अनेक वर्षं तो डबिंग करतो. दक्षिणेकडच्या सिनेमांतले खलनायक त्याच्या आवाजात हिंदीतून धमक्या देतात. कार्टूनमधलं एक चिडकं बदक त्याच्या आवाजात मराठीतून रडतं. बोईसरला लागून असलेल्या सरावलीच्या फ्लॅटमध्ये त्याने आतल्या खोलीतलं लाकडी कपाट रिकामं करून त्यात मायक्रोफोन बसवला आहे. कपाटाला आतून आईने शिवलेल्या गोधड्या ठोकल्या आहेत, कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रकचा आवाज आत येऊ नये म्हणून. रेकॉर्डिंग तिथूनच मुंबईला जातं.

या धंद्याचा एक नियम त्याने मला सांगितला होता. पडद्यावरचे ओठ हलले की आवाज आलाच पाहिजे. मूळ वाक्य लांब आणि मराठी वाक्य आखूड असेल तर एखादा शब्द वाढवायचा, पण ओठ रिकामे सोडायचे नाहीत. कोणतं वाक्य घालायचं ते प्रसंगावरून ठरतं. दादाचा यात हातखंडा आहे. लिहिलेला संवाद ओठांवर बसेना की स्टुडिओतले लोक कागद बाजूला ठेवतात आणि त्याला म्हणतात, "तुम्हीच बसवा काहीतरी."

पाऊस संपता संपता बाबांना घिवलीच्या, समुद्रकाठच्या आमच्या जुन्या घरी पक्षाघाताचा झटका आला. ते आयुष्यभर मासेमारीच्या होडीवर गेलेले, आवाज इंजिनावरून ऐकू जाईल असा. बोईसरच्या रुग्णालयातून सोडल्यावर दादाने त्यांना आणि आईला सरावलीला आणलं. पालघरला बातमीदारी करत असल्यामुळे मीही बहुतेक संध्याकाळी तिथे असे. उजवा हात हळूहळू हलू लागला. बोलणं गेलं ते परत आलं नाही. ऐकलेलं सगळं त्यांना कळत होतं, डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं होतं. ओठ हलायचे, घशातून घरघर यायची, पण तिचा शब्द व्हायचा नाही. बाबा पुन्हा बोलतील का, हे कुणीच खात्रीने सांगत नव्हतं.

शूटिंग म्हणजे दिवसच्या दिवस मुंबईत. दादाने ते सोडून दिलं. कपाटातलं काम चालू ठेवलं.

एका दुपारी बाबांनी ताट ढकललं. आईचे अंदाज सुरू झाले. मीठ कमी हाय? पाणी पायजे? काटा लागला? बाबा डाव्या हाताने जमीन थापटू लागले. दादा समोर बसून त्यांच्या ओठांकडे बघत होता, पडद्याकडे बघतो तसा. आई पाणी आणायला वळली आणि तिच्या पाठीमागून बाबांचा आवाज आला.

"कालवण गरम कर. असं थंड कुत्रं पण खायचं नाय."

आई तांब्या हातात धरून जागच्या जागी थांबली. वळून बघितलं तर बोलला होता दादा. ती तिथेच खाली बसली आणि पदरात तोंड घालून हसायला लागली. बाबाही अर्ध्या तोंडाने हसले. कालवण खरंच थंड होतं.

त्या दिवसापासून घर बोलू लागलं. आई विचारायची, बाबांचे ओठ हलायचे, दादा बोलायचा. खोकल्यासकट, वाक्याच्या शेवटी येणाऱ्या हुंकारासकट. काही दिवसांनी आई विचारताना दादाकडे बघेनाशी झाली. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, घिवलीहून भेटायला आली.

"कसा हायस रं?" तिने बाबांना विचारलं.

"तुझ्यापेक्षा बरा," दादा बाबांच्या आवाजात म्हणाला. "तू केवढी सुकलीस, बोंबील झालीस नुसती."

"मेल्या, पडून हायस तरी जीभ नाय सुधारली!" असं म्हणत तिने चापटी मारली ती बाबांच्या खांद्यावर.

मग ती मुद्द्यावर आली. तिच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. तिचं घर लहान. बाबांचं घर बंदच होतं, पोरगा आणि सून तिथे राहिले तर? "तू आता इथंच ऱ्हाणार ना. डाक्टर जवळ, लिफ्ट हाय."

बाबांचे ओठ बराच वेळ हलले. दादाने तेवढ्या लांबीचं वाक्य दिलं. "देऊन टाक. बंद घराला वाळवी लागते. मला इथं बरं हाय."

आत्याने डोळे पुसले. आईने चहा टाकला. बाबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. ते दमले असतील असं सगळ्यांनी धरलं.

पालघरला वाचा-उपचार करणाऱ्या एक मॅडम होत्या, त्यांच्याकडे आम्ही बाबांना नेलं. त्यांनी बाबांना जे विचारलं त्याचं उत्तर दादाने बाबांच्या आवाजात दिलं. मॅडम आधी हसल्या. मग त्यांनी दादाला बाहेर बसायला सांगितलं. बऱ्याच वेळाने पुन्हा आत बोलावलं तेव्हा त्या हसत नव्हत्या.

"बाबांनी स्वतःहून शेवटचा आवाज कधी काढला?"

पहिल्यासारखी घरघरही ऐकून दिवस झाले होते.

"आता ते ओठसुद्धा जेमतेम हलवतात. त्यांना गरज काय? तुम्ही आहात ना." मॅडमनी दादाकडे बघितलं. "तुम्ही फार सुंदर करता हे. बंद करा."

"मग ते बोलतील?"

"ते सांगता येत नाही. पण तुम्ही बोलत राहिलात तर नाही बोलणार. ओठ हलले की थांबायचं. शब्द सुचवायचा नाही, पुरा करायचा नाही. कितीही वेळ लागू दे."



पुढचे दिवस दादाला जड गेले. बाबांचे ओठ हलले की तो स्वतःचा गुडघा पकडून बसायचा. कधी उठून कपाटात जायचा आणि दार लावून घ्यायचा. बाबा प्रयत्न करायचे, घाम यायचा, चिडून डोळे मिटायचे. आईला हे बघवत नसे.

"घरात दोन पुरुष नि दोघं मुके," ती म्हणायची. "त्या बाईला काय, तिचा नवरा बोलत असंल."

एकदा तिने दादाला स्वयंपाकघरात गाठलं. मी भाजी निवडत होते.

"त्यांच्यासाठी नको बोलू. मला फक्त एक हाक मार त्यांच्या आवाजात. ते आंघोळीला गेल्यात, त्यांना ऐकू नाय जाणार."

"आये, नको."

"बदकाला देतोस आवाज. मला नाय?"

दादा आत गेला. त्या दिवशी कुणा खलनायकाचं गर्जणं रेकॉर्ड करायचं होतं. संध्याकाळी मुंबईहून फोन आला की सगळं पुन्हा करून पाठवा, खलनायक रडवेला वाटतोय.

लग्न जवळ आलं तशी आत्या पुन्हा आली. पिशवीत पत्रिका होत्या. पहिली तिने बाबांच्या मांडीवर ठेवली आणि आईला म्हणाली, "वहिनी, किल्ली दे. रंग काढायचाय घराला."

आईने उठून खुंटीवरची किल्ली काढली. बाबांचे ओठ हलू लागले. सवयीने सगळ्यांनी दादाकडे बघितलं.

"काय बोलतोय रं तो?" आत्याने विचारलं.

दादा खाली बघत राहिला. त्याचेही ओठ हलत होते, पण आवाज त्याने काढला नाही. कुकरची शिट्टी झाली. बाबांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या.

"अरे बोल की, माझी रिक्षा खाली उभी हाय—"

"ना..."

आत्या बाबांकडे वळली.

"नाय." मग लांब श्वास. "मी... घरी."

फाटलेला, बारीक आवाज होता तो. दादा काढायचा तसा भरदार नव्हता, होडीवरचाही नव्हता. आईला तो ओळखू आला नाही. तिने दादाला विचारलं, "तू बोललास?"

त्याने मान हलवली. नाही.

बाबांनी डावा हात किल्लीच्या दिशेने केला आणि पुन्हा म्हणाले, "घरी." या वेळी थोडं सोपं गेलं.

"मग त्या दिवशी देऊन टाक बोललास ते?" आत्या म्हणाली.

"ते बाबा नाही बोलले, आत्ये," दादा म्हणाला. "मी बोललो. तिथं ते वाक्य बसत होतं म्हणून."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. "टीवीवर पोरी पकडतोस नि घरात बापाचं घर वाटतोस! चांगला नट हायस." आवाजात राग होता, पण तो तिला फार वेळ धरता आला नाही. ती भावासमोर वाकली. "आणि तू रं? पोराच्या लग्नाला पंधरवडा नाय ऱ्हायला. सुनेला आता तुझ्या डोक्यावर ठेवू काय?"

बाबांचे ओठ पुन्हा हलू लागले. या वेळी कुणीच दादाकडे बघितलं नाही. आईने जाऊन गॅस बंद केला आणि बाबांच्या समोर जमिनीवर बसली. आत्याने खिडकीतून रिक्षावाल्याला थांबायची खूण केली, पिशवी खाली ठेवली आणि तीही बसली.