माझी तीनशे कलमं

आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. बी.कॉम., सेकंड क्लास. हे मी कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकतो, म्हणून कुणी विचारत नाही.

दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात माझं काम म्हणजे परदेशी लोकांना भाड्याचे फ्लॅट दाखवणं. गेल्या जानेवारीत डेन्मार्कहून एक बाई आल्या. खानदानी उमराव, तिथल्या राजघराण्याशी नातं, आणि जमीन इतकी की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला म्हणे गाडी लागते. बॉसनं बजावलं, "हबीबी, नीट बोल. मोठा क्लायंट आहे." मी नीट बोलायची तयारी सोडून लिफ्टच्या आरशात कमरेत वाकायची प्रॅक्टिस केली. शारजाहून येताना दोन तास ट्रॅफिकमध्ये बसून कंबर तशीही वाकलेलीच होती.

बाई आल्या त्या चुरगळलेल्या सुती शर्टात. माझे बूट त्यांच्या बुटांपेक्षा चकचकीत. तिथंच माझं डोकं फिरलं.

सव्विसाव्या मजल्याच्या बाल्कनीत त्यांनी सहज विचारलं, "तू कुठला?"

"रत्नागिरीकडचा, समुद्राकाठचा," एवढं पुरे होतं. पण राजघराण्यातल्या बाईला आपणही कुणीतरी आहोत असं वाटावं, ही खाज. मी पुढे म्हणालो, "आमचीही इस्टेट आहे. आंब्याची. तीनशे कलमं."

आकडा खरा होता. कलमं मात्र मुंबईतल्या एका मालकाची. माझे अब्बा तिथं चाळीस वर्षं राखणीला आहेत.

बाईंनी फ्लॅटकडे पाठच फिरवली. माती कसली? छाटणी कधी? खत कोणतं? कॉमर्सला माती नव्हती. "ते सगळं फादर बघतात," मी म्हणालो. तेही खरंच.

"मग आता मोहोर असेल! बघता येईल?"

मी ऐटीत व्हिडिओ कॉल लावला, कारण अब्बा फोन कधी उचलत नाहीत. त्या दिवशी पहिल्याच रिंगला उचलला.

"काय रे, ऑफिसच्या टायमाला? नोकरी गेली की काय?"

डोक्याला टॉवेल बांधलेले अब्बा आणि मागे मोहोरानं भरलेलं झाड. बाईंनी माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं, "तुम्हीच ओनर?"

इंग्रजीतला हा एक शब्द अब्बांना पक्का ठाऊक. बागेत येणारा प्रत्येक व्यापारी पहिलं तेच विचारतो.

"नो ओनर," अब्बांनी हात हलवला. "वॉचमन." मग माझ्याकडे बघून, "तू काय सांगितलंस यांना?"

मी फोनचा आवाज कमी करायचं बटण शोधू लागलो.

"अरे, चाळीस वर्षांत मालकाला न विचारता एक आंबा मी घरी नेला नाही. तू सगळी बागच नेलीस?"

"काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

मला लगेच तीन सोयीची भाषांतरं सुचली. इंग्रजी माझं चांगलं आहे. पण समोर अब्बा, तोंडाकडे टक लावून, जणू सगळं कळतंय. मी शब्दन् शब्द सांगितला. आंब्यापर्यंत येईतो आवाज चिरका झाला.

बाई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. कुंपण अर्धवट सोडून गेलेल्या गड्याकडे बघावं तसं क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "त्यांना विचार, आमच्याकडे कोवळी रोपं हरणं खातात. त्यांच्याकडे कोण?"

"वानर!" अब्बा तावातावानं म्हणाले. "थांबा, दाखवतो."

पुढचा अर्धा तास मी दोघांच्या मधे फोन धरून उभा. एक हात दुखला की दुसऱ्या हातात. अब्बा वानर कसे हाकायचे ते सांगत होते, बाई मान डोलवत होत्या. मधेच अब्बा मला म्हणाले, "नीट सांग हां त्यांना. स्वतःचं काही घालू नको."