तांबूच्या बाई

बाई गेल्या, हे आम्हाला शाळेच्या शिपायाकडून कळलं. मार्गशीर्षातली सकाळ होती आणि मी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. सोपान शिपाई सायकलवरून उतरला. सायकल भिंतीला न टेकवता तशीच हातात धरून उभा राहिला. "निकमबाई गेल्या वैनी. काल दुपारी, नगरला दवाखान्यात. हेडमास्तरांस्नी निरोप आला." माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, चुलीपुढून उठून बाहेर आल्या. त्यांनी सोपानला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग ओट्याच्या पायरीशी पाय ताणून झोपलेल्या तांबूकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता ह्याला कसं सांगायचं?" कुणी हसलं नाही. तो प्रश्न आम्हाला तिघांनाही खराच वाटला...

निकमबाई आमच्या गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या आणि आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायच्या. तांबू त्यांचा कुत्रा. गावात मात्र ओळख उलटी सांगायची पद्धत पडली होती. "कोणत्या बाई?" असं कुणी विचारलं, की उत्तर यायचं, "तांबूच्या बाई." एखादी आई मुलाच्या नावानं ओळखली जाते, तसंच ते होतं. बाईंना त्याचं वाईट वाटत नसे. एकदा तर हजेरी घेताना एका मुलीनं "हजर, तांबूच्या बाई" असं म्हटलं, तेव्हा वर्गाच्या आधी त्याच हसल्या होत्या.

त्या आल्या तेव्हा असं काही नव्हतं. आमचं गाव बेलापूरच्या अलीकडे, पाटाच्या पाण्यावर ऊस करणारं. सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि न ओळखणाऱ्याची चौकशी करतात. बाई जूनमध्ये एक ट्रंक, एक वळकटी आणि स्टोव्ह घेऊन एस.टी.तून उतरल्या. वय पस्तिशीच्या आसपास. मामंजींनी हेडमास्तरांना खोलीचा शब्द दिला होता, नाहीतर आत्याबाईंनी एकट्या बाईला घरात घेतलं नसतं. पहिल्याच दिवशी आत्याबाईंनी विचारलं, "मालक कुठं असत्यात?" बाई ट्रंक उघडता उघडता म्हणाल्या, "कोपरगावला. मी त्यांच्याकडे नांदत नाही." घरातलं मीठ संपलंय, हे सांगावं तशा त्या बोलल्या. त्यापुढं आत्याबाईंना काही विचारता आलं नाही. गावानं मात्र जे विचारलं नाही, ते आपल्या मनानं भरून काढलं.

पहिले काही महिने बाई शाळेतून आल्या की खोलीचं दार लोटून घ्यायच्या. एकदा संध्याकाळी त्या पाटाच्या कडेनं लांबवर चालत गेल्या, तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकातच गावातल्या एका वडीलधाऱ्यानं त्यांना हटकलं, "काल एकट्याच कुठं गेल्त्या बाई?" त्यांनी मला ते पुढं केव्हातरी सांगितलं. म्हणाल्या, "सुमन, बाईमाणसानं कुठंतरी जायला हवं. दळण घेऊन, धुणं घेऊन, देवाला. नुसतं चालायला निघालेली बाई लोकांना कळतच नाही." मग त्यांनी चालणं सोडलं. त्यांच्या खोलीतून स्टोव्हचा आवाज यायचा, तो बंद झाला की काहीच यायचं नाही.

तांबू आला तो पावसाळा सरता सरता. बैलगाडीचं चाक पायावरून गेलेलं तांबड्या रंगाचं पिल्लू पोरींनी शाळेत आणलं. बाईंनी ते पदरात घालून घरी आणलं. आत्याबाई ओट्यावरच उभ्या होत्या. "कुत्रं पायरीच्या वर यायचं न्हाई. माझं सोवळंओवळं हाय." बाई म्हणाल्या, "नाही येणार." आणि खरंच, त्या रात्रीपुरती त्यांनी आपली वळकटी खाली पायरीजवळ अंथरली. दोन बांबूच्या कामट्या, जुन्या पातळाच्या पट्ट्या, हळद... पाय जुळला, पण वाकडा जुळला. बेलापूरच्या गुरांच्या डॉक्टरनं सांगितलं, रोज चालवा, नाहीतर आखडेल. झालं, बाई रोज संध्याकाळी त्याला घेऊन पाटावर जायला लागल्या. तोच वडीलधारा माणूस वाटेत भेटला. त्यानं आधी बाईंकडे पाहिलं, मग लंगडणाऱ्या पिल्लाकडे. "कुत्र्याला फिरवायला व्हय?" "हो." "मंग बरं हाय." तेवढ्यावर ते प्रकरण मिटलं.

लोक बाईंशी बोलायला बिचकत, पण कुत्र्याशी बोलायला कोण बिचकतं? पाटावर धुणं धुणाऱ्या बायका हाक मारायच्या, "ए तांबू, आज उशीर का रं केला?" आणि उत्तर बाईंना द्यावं लागायचं. "आज शाळेत तपासणी होती." "मंग झाली का न्हाई नीट?" अशी बोलणी सुरू झाली. तांबूला कोणाचं दार कोणाचं, हे कळत नव्हतं. एके दिवशी तो सरळ बौद्ध वस्तीत रखमाबाईच्या घरात घुसला. त्याला आणायला बाई गेल्या आणि चहा पिऊन आल्या. रखमाबाईची थोरली पोर, कमल, चौथीनंतर घरी बसली होती. ती तांबूच्या पाठीमागं पाटापर्यंत यायला लागली, आणि दिवाळीनंतर शाळेत आली. इकडे आत्याबाईंच्या कानावर गेलंच. "बाई, रखमीकडं चहा घेतला म्हनं?" "घेतला. गूळ जरा जास्त झाला होता." आत्याबाईंनी चार दिवस बाईंना ताक दिलं नाही, पाचव्या दिवशी दिलं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं पहिलं मूल गेलं. तीन महिन्यांचा होता. त्याविषयी फार लिहिण्यासारखं नाही. मी स्वयंपाक करायची, पाणी भरायची, विचारलं तर हो-नाही म्हणायची. रडू येत नव्हतं, आणि न रडणारी आई बघून बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघायच्या. एक दिवस आत्याबाई स्वतः बाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "बाई, हिला न्या बरं कुत्र्यासंगं. माझ्याच्यानं काय व्हईना." सुनेला विनाकारण घराबाहेर धाडणं त्यांना जमणारं नव्हतं, पण कुत्र्याला फिरवणं हे काम होतं.

आम्ही चालायचो. बाई समजूत काढत नव्हत्या, की देवाची इच्छा वगैरे बोलत नव्हत्या. बाभळीखाली आम्ही बसलो की तांबू त्याचा वाकडा पाय पसरून नेमका माझ्या पावलावर येऊन बसायचा, सगळा भार टाकून. पहिल्यांदा मी पाय काढून घेतला. तो पुन्हा बसला. किती दिवसांनी कोण जाणे, माझा हात त्याच्या मानेवर गेला. तिथं कातडीखाली ऊब होती, श्वास खालीवर होत होता... आणि मला रडू फुटलं. बाई पाटाच्या पाण्याकडे बघत बसल्या. तांबूनं माझ्याकडे एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा हनुवटी खाली टेकली. घरी आल्यावर आत्याबाईंनी माझे डोळे बघितले आणि काही न विचारता जेवायला वाढलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले. माणसानं जवळ घेतलं असतं, तर मला त्याला बरं वाटल्याचं दाखवावं लागलं असतं. कुत्र्याला तसलं काही दाखवावं लागत नाही.

मग दुष्काळ आला. पाट कोरडा पडला, ऊस उभा वाळला, रेशनवर मिलो नावाची अमेरिकेची लाल ज्वारी आली. रखमाबाई खडी फोडायला जायची. आमच्याही घरात भाकरी मोजून व्हायला लागल्या. बाई कुत्र्याला भाकरी घालतात, यावर कुणीतरी बोललंच, "मानसाला मिळंना अन् ह्यांचं कुत्रं जेवतंय." बाईंनी वाद घातला नाही. त्यांच्या ताटात जेवढं असे, त्यातलंच अर्धं तांबूला जाई, आणि हे बोलणाऱ्यालाही ठाऊक होतं. दोघंही वाळली. पाटाच्या कोरड्या तळातून दोघं चालत जाताना दिसली, की बायका म्हणायच्या, एकसारखीच दिसत्यात.

त्याच उन्हाळ्यात वस्तीवरचा एक माणूस पिसाळलेलं कुत्रं चावून दगावला, आणि गावातली मोकाट कुत्री मारायचं ठरलं. माणसं काठ्या आणि विषाचे गोळे घेऊन गल्लीगल्लीनं निघाली. बाई त्या दिवशी कामासाठी नगरला गेल्या होत्या. भर दुपारी रखमाबाई धापा टाकत आमच्या दाराशी आली. "काकू, तांबूला आत घ्या, हिकडंच याय लागल्यात!" आत्याबाईंनी त्याला मानेला धरून पायरीवरून ओट्यावर घेतलं, ओट्यावरून माजघरात, आणि माजघरातून थेट चुलीपाशी. मग बाहेर येऊन रखमाबाईला म्हणाल्या, "तू बी ये आत. उन्हात काय हुबी राहती?" घाईघाईत आपण काय बोलून गेलो, हे त्यांच्या नंतर ध्यानात आलं असेल. पण बोललेलं त्यांनी मागं घेतलं नाही. रखमाबाई माजघरात बसली, मी तिला पाणी दिलं, आणि आत्याबाई उंबऱ्यावर पदर खोचून बसल्या.

माणसं आली. "काकू, घरात कुत्रं हाय का?"

"हाय."

"कुनाचं हाय? मोकाट तर न्हाई?"

"मपलं हाय. चुलीपाशी बसलंय. यायचं आसंल तर माझ्या अंगावरून या."

माणसं निघून गेली. संध्याकाळी बाई आल्या, तेव्हा तांबू अजून चुलीपाशीच होता. बाई दारातच थांबल्या. त्या दिवसापासून पायरीचा नियम गेला.

पाऊस झाला, पाटाला पाणी आलं, आणि बाईंचं पोट दुखायला लागलं. गणपतीनंतर त्या बाभळीपर्यंतच जायच्या, मग अलीकडच्या पुलापर्यंतच, मग नुसतं दारापर्यंत. तांबूही तेवढाच चालायचा. दिवाळीआधी नगरजवळच्या केडगावहून त्यांचा भाऊ न्यायला आला. तांबूलाही घेऊन जाऊ, असं तो म्हणाला. बाईंनी नको म्हटलं. "तिथं तो एकटा पडेल. इथं त्याची ओळख आहे." त्या टांग्यात बसल्या. तांबू वेशीपर्यंत मागं गेला. कमल त्याला घेऊन परत आली.

भाऊबीज झाल्यावर मी आणि आत्याबाई केडगावला जाऊन आलो. बाई खाटेवर होत्या, पिवळ्या पडलेल्या, हात काडीसारखे. त्यांनी विचारलं, "तांबूला कोण नेतं?" मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "मी नेती की रोज." बाईंना खरं वाटेना. "तुम्ही? पाटावर?" "मंग! पुलाच्या पल्याड जातो आमी. गुडघं बी मोकळं झालं." बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीसुद्धा नुसतं चालायला जाता, आत्याबाई?" "न्हाई वो," आत्याबाई म्हणाल्या, "कुत्र्याला नेती." त्यावर बाई इतक्या हसल्या की त्यांना पोट धरावं लागलं. भाऊ आतून धावत आला. त्यांना शेवटचं पाहिलं, ते असं हसताना.

बाई गेल्यावर तांबूनं अन्न सोडलं, असं काही झालं नाही. काही दिवस तो त्यांच्या बंद दाराशी झोपला. भाऊ येऊन ट्रंक आणि स्टोव्ह घेऊन गेला, तेव्हा त्यानं रिकामी खोली हुंगून पाहिली आणि बाहेर आला. संध्याकाळ झाली, तसा उठून आत्याबाईंपुढं जाऊन उभा राहिला.

गेल्या आठवड्यात त्या खोलीत नवीन बाई राहायला आल्या. संगमनेरकडच्या, वीस-बावीस वर्षांच्या, पहिलीच नोकरी. शाळेतून आल्या की दार लोटून घेतात. परवा आत्याबाईंनी चपला घातल्या, तांबूला हाक मारली आणि त्या दाराची कडी वाजवली. "चला, पाटावर जाऊन येऊ." मुलगी दारात घुटमळली. म्हणाली, "नको. मी इथं नवीन आहे... लोक काय म्हणतील?"

"काय म्हनत्यात?" आत्याबाई म्हणाल्या. "तांबूला हाका मारत्यात."